वडील चष्म्याशिवाय पेपर वाचू लागले, पण ते कॅप्सूलमुळे नव्हे

पेडणे तालुक्यातून, आगरवाड्याच्या बाजूने, एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६७ वर्षांचे, उभं आयुष्य मिठागरात गेलं. गावातल्या शिबिरात त्यांना मोतीबिंदूची सुरुवात असल्याचं सांगितलं आणि वय वाढलं की डोळ्यातल्या भिंगाची अँटिऑक्सिडंट शक्ती कमी होते, असंही कुणीतरी समजावलं. मग दुकानातून अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आणि ‘मोतीबिंदू विरघळवणारे’ म्हणून विकले जाणारे थेंब आणले. काही महिन्यांत वडील चष्मा न लावता पेपर वाचायला लागले. म्हणजे गुण आला ना? मग ग्लुटाथायोनच्या गोळ्याही द्याव्यात का? आणि ४४ वर्षांच्या, नुकतीच चाळिशी लागलेल्या मुलाने स्वतः आत्तापासून सुरू करावं का?

मी म्हापशात बरीच वर्षं नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करते. प्रश्न गोळ्यांचा दिसत असला तरी मला आधी त्या पेपर वाचण्याबद्दल बोलायचं आहे. सगळा गैरसमज तिथून सुरू झालाय.

भिंगाचा मधला भाग, म्हणजे गाभा, वयानुसार घट्ट होत जातो. घट्ट झाला की प्रकाश वळवण्याचा त्याचा जोर वाढतो आणि डोळ्याला मायनस नंबर यायला लागतो. मायनस नंबरच्या माणसाला जवळचं चष्म्याविना दिसतं, म्हणून वर्षानुवर्षं चाळिशी लावणारे आजोबा एक दिवस चष्मा बाजूला ठेवून पेपर हातात घेतात. घरात आनंद होतो, आणि त्या वेळी जे काही औषध चालू असेल त्याला श्रेय मिळतं. प्रत्यक्षात हे गाभ्याच्या मोतीबिंदूचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. तुम्हाला घरीच पडताळून पाहता येईल. वडिलांना रस्त्याच्या कडेला उभं करा आणि समोरून येणाऱ्या कदंबच्या बसचा फलक दुरून वाचायला सांगा, एकदा उजवा डोळा झाकून, एकदा डावा. वर्षभरापूर्वी जिथून वाचता येत होता, तिथून आता येत नसेल, तर जवळचं सुधारलं नाही, लांबचं गेलंय. तसंच एक डोळा झाकून पांढरा कपडा बघायला सांगा, मग दुसऱ्या डोळ्याने. दोन्ही डोळ्यांत पांढऱ्याची छटा वेगळी वाटली, एकीकडे पिवळसर दिसली, तर त्या डोळ्याचा गाभा जास्त पुढे गेलेला असण्याची शक्यता आहे.

आता ‘संरक्षणशक्ती कमी होते’ म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू. हे समजलं की गोळ्यांचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

भिंगात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्याला लागणारं सगळं डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या पाण्यातून येतं. भिंगाच्या पुढच्या बाजूला जिवंत पेशींचा एक पातळ, एकपदरी थर असतो. त्यातून जन्मभर नवे तंतू तयार होत राहतात आणि जुन्या तंतूंवर थर चढवत जातात. प्रकाशाच्या वाटेत अडथळा नको म्हणून हे तंतू पक्व होताना आपलं केंद्रक आणि इतर अवयव टाकून देतात. त्यामुळे त्यांना नवं प्रथिन बनवता येत नाही. त्वचा बदलते, रक्त बदलतं, पण भिंगाच्या अगदी आतलं प्रथिन तुमच्या वडिलांच्या जन्माआधी तयार झालेलं आहे. ६७ वर्षं तेच प्रथिन पारदर्शक राहायला हवं. शरीरात इतका जुना आणि दुरुस्तीला इतका कठीण भाग क्वचितच असेल.

या प्रथिनांना क्रिस्टॅलिन म्हणतात. त्यांचं नुकसान मुख्यतः ऑक्सिडेशनने, म्हणजे प्राणवायूमुळे होणाऱ्या रासायनिक बदलाने होतं, आणि ते रोखण्यासाठी भिंगाकडे ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू असतो. तीन अमिनो आम्लांनी बनलेला हा रेणू भिंगात रक्तद्रवापेक्षा शेकडो पटींनी जास्त असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं घातक द्रव्य आलं की तो स्वतः ऑक्सिडाइझ होतो आणि प्रथिनाला वाचवतो. मग एक एन्झाइम त्याला पुन्हा पूर्वपदावर आणतं. त्या एन्झाइमला एनएडीपीएच नावाचं इंधन लागतं, हे लक्षात ठेवा, मधुमेहाकडे येताना लागेल. जोडीला कॅटालेज, पेरॉक्सिडेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज अशी इतर एन्झाइमं असतात. शिवाय जीवनसत्त्व क: डोळ्यातल्या त्या पाण्यात ते रक्ताच्या सुमारे वीसपट असतं. डोळा ते स्वतः जोर लावून आत ओढून घेतो.

ग्लुटाथायोन तयार होतं ते बाहेरच्या थरात, जिथे पेशी जिवंत आणि धडधाकट आहेत. गाभ्याला ते बनवता येत नाही. बाहेरून झिरपत येईल तेवढ्यावर गाभ्याने भागवायचं. वयाबरोबर बाहेरच्या थरात ते बनवणाऱ्या एन्झाइमचा जोर थोडा कमी होतो, हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दान केलेल्या मानवी डोळ्यांच्या भिंगांवर काम करून दाखवलं की मध्यम वयानंतर गाभा आणि त्याभोवतीचा थर यांच्यामध्ये एक अडसर तयार होतो. बाहेर ग्लुटाथायोन बऱ्यापैकी शिल्लक असतं, पण आत जाण्याचा त्याचा वेग मंदावतो. आणि आत जे वापरून झालंय ते पूर्वपदावर यायलाही तितक्याच अडचणी येतात.

आपल्याकडच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, असं होतं. झर बारमाही वाहत असते, पण पाटात गाळ साचला की शेवटच्या पोफळीपर्यंत पाणी पोचत नाही. तिथे झरीत आणखी पाणी ओतून काय उपयोग?

गाभ्याला ग्लुटाथायोन कमी पडलं की काय होतं? प्रथिनातले गंधकाचे भाग एकमेकांना चिकटायला लागतात, प्रथिनांचे गठ्ठे बनतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो. पुढे गेलेल्या गाभ्याच्या मोतीबिंदूत प्रथिनांचे ९० टक्क्यांहून जास्त मुक्त गंधक-गट नाहीसे झालेले आणि मेथिओनिन या अमिनो आम्लाचे जवळजवळ निम्मे रेणू ऑक्सिडाइझ झालेले आढळतात. माणसाच्या भिंगात अतिनील किरण शोषून घेणारी काही नैसर्गिक द्रव्यंही असतात. तरुणपणी ग्लुटाथायोन त्यांच्या विघटनातून निघालेल्या रेणूंना अडवतं. ते कमी पडलं की हे रेणू प्रथिनांनाच जाऊन चिकटतात आणि भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, हा प्रवास स्पष्ट दिसतो. प्रकाशाची बारीक पट्टी तिरकी टाकली की भिंगाचा जणू उभा छेद समोर येतो. विशीतल्या माणसात तो जवळजवळ रंगहीन. पन्नाशीत मध्ये फिकट पिवळा. सत्तरीत कुणाचा मधासारखा, कुणाचा गडद तपकिरी. आपल्याकडे गडद गाभे मला नेहमी दिसतात, कारण माणसं उशिरा येतात.

मग ऑक्सिडेशन करणारा प्राणवायू आतपर्यंत येतो कुठून? याचं उत्तर भिंगाच्या मागे आहे. तिथे व्हिट्रियस नावाचं घट्ट जेल असतं. जीवनसत्त्व क भरपूर असलेलं हे जेल डोळ्याच्या मागच्या पडद्याकडून (रेटिनाकडून) येणारा प्राणवायू वाटेतच संपवतं आणि भिंगापर्यंत फार कमी पोचू देतं. वय वाढलं की हे जेल पातळ होतं आणि ते काम ढिलं पडतं. याचा पुरावा आम्ही डॉक्टर रोज पाहतो: पडद्याच्या शस्त्रक्रियेत हे जेल काढून टाकलं की पन्नाशीपुढच्या बहुतेक रुग्णांना पुढच्या सुमारे दोन वर्षांत गाभ्याचा मोतीबिंदू होतो. तरुणांत तो तितक्या वेगाने होत नाही, कारण त्यांचा गाभा अजून स्वतःला सावरू शकतो. १९८४ मध्ये स्वीडनमधून आणखी एक गोष्ट नोंदली गेली. दीर्घकाळ जास्त दाबाच्या प्राणवायूचे उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी ज्यांची भिंगं आधी स्वच्छ होती, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गाभ्याचा मोतीबिंदू झाला.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: गाभ्याला कमतरता जाणवते ती आत येण्याची वाट अडल्यामुळे. शरीरात जीवनसत्त्व कमी असल्यामुळे नव्हे. आणि त्याच वयात मागून येणारा प्राणवायू वाढतो.

म्हणून गोळ्यांचा विचार करताना मी आधी विचारते, गोळीतलं द्रव्य गाभ्यापर्यंत कसं जाणार? तोंडाने घेतलेलं ग्लुटाथायोन बरंचसं पचनातच मोडतं. रक्तातून डोळ्याच्या पाण्यात, तिथून भिंगाच्या बाहेरच्या थरात आणि तिथून अडसर ओलांडून आत, असा प्रवास त्याला करायचा आहे. हल्ली गोरं दिसण्यासाठी म्हणून ग्लुटाथायोन दुकानात मिळतं आणि त्याच डब्यावर ‘डोळ्यांसाठीही उत्तम’ असं लिहिलेलं असतं. वडिलांसाठी ते घेऊ नका. पैसे वाया जातील.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबद्दल मात्र नुसत्या तर्कावर बोलायची गरज नाही, मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेतल्या ‘एरेड्स’ या चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅम क, ४०० युनिट ई आणि बीटा कॅरोटिन सहा वर्षांहून अधिक काळ दिलं. २००१ मध्ये निष्कर्ष आला की मोतीबिंदूवर काही परिणाम नाही. २०१० मध्ये साडेअकरा हजार पुरुष डॉक्टरांवरचा अभ्यास आला, क आणि ई आठ वर्षं दिलं होतं. फरक नाही. ल्युटिन आणि झीअॅक्झँथिन घातलेल्या दुसऱ्या ‘एरेड्स’चा निकाल २०१३ मध्ये आला. एकंदरीत त्यातही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया कमी झाल्या नाहीत. परदेशातलं पोषण वेगळं, आपल्याला लागू नाही, असं कुणी म्हणेल म्हणून दक्षिण भारतातला अभ्यास सांगते: ७९८ माणसं, पाच वर्षं, बीटा कॅरोटिन, क आणि ई. २००६ मध्ये निष्कर्ष आला, मोतीबिंदूची वाढ थांबली नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. चीनमधल्या लिन्शियानमध्ये, जिथे लोकांच्या आहारात खरोखरच टंचाई होती, तिथे ६५ ते ७४ वयोगटात बहुजीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी गाभ्याचा मोतीबिंदू ३६ टक्क्यांनी कमी आढळला. हा १९९३ चा निष्कर्ष आहे. मी त्यातून एवढंच घेते की उपाशी शरीराला जेवण मिळालं तर डोळ्यालाही फायदा होतो. तुमचे वडील भात, हुमण, भाजी जेवत असतील, दात शाबूत असतील, पचन ठीक असेल, तर ते त्या गटात बसत नाहीत. एकटं राहणारं, पेजेवर दिवस काढणारं म्हातारं माणूस असेल तर माझं मत वेगळं असेल, आणि तिथे मी साधी बहुजीवनसत्त्वाची गोळी स्वतः लिहून देते.

‘नुकसान तर नाही ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. स्वीडनमधल्या स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत जीवनसत्त्व कच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी जास्त आढळलं. ही पाहणी होती, चाचणी नव्हे, त्यामुळे गोळीनेच झालं असं म्हणता येत नाही. पण जीवनसत्त्व क स्वतः ऑक्सिडाइझ झालं की त्यातून तयार होणारे रेणू प्रथिनांना चिकटून त्यांना पिवळं करतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. त्यामुळे ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही. आणि वडील विडी-सिगारेट ओढत असतील तर बीटा कॅरोटिनची कॅप्सूल आजच बंद करा. फिनलंडमधल्या १९९४ च्या चाचणीत धूम्रपान करणाऱ्यांमध्ये त्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढला होता.

थेंबांचं उत्तर छोटं आहे. मोतीबिंदू विरघळवतात असं सिद्ध झालेले थेंब आज उपलब्ध नाहीत. एन-अॅसिटिल-कार्नोसिनच्या थेंबांचा २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, त्यात विश्वास ठेवण्याजोगा पुरावा सापडला नाही. लॅनोस्टेरॉल या दुसऱ्या द्रव्याची २०१५ मध्ये खूप चर्चा झाली, तीही मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून. थेंब बंद करा. बाटलीवर स्टेरॉइडचं नाव असेल, किंवा घटकांची नावंच नसतील, तर ती बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा.

मग हातात काय उरतं? आत जाणारा पुरवठा वाढवता येत नसेल तर खर्च कमी करायचा. इथे मात्र परिस्थितीनुसार उत्तर बदलतं, म्हणून वडिलांचं जे कळलंय त्यावरूनच बोलते.

मिठागर. डिसेंबर-जानेवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत उघड्यावरचं काम, वरून ऊन आणि खालून पाण्याची व पांढऱ्या मिठाची तिरीप. अमेरिकेत चेसापीक उपसागरातल्या ८३८ मच्छीमारांवरचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डोळ्यांवर अतिनील-बी किरण जास्त पडले त्यांना भिंगाच्या बाहेरच्या थराचा मोतीबिंदू जास्त झाला, गाभ्याशी मात्र तसा संबंध दिसला नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. उन्हात राबलेल्या माणसाची बाहुली थेंब घालून मोठी केली की पुष्कळदा भिंगाच्या खालच्या, नाकाकडच्या कोपऱ्यात पांढऱ्या रेघा काठाकडून आत येताना दिसतात. त्या मध्यापर्यंत पोचेपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही, फक्त रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात. तुमच्या वडिलांना दोन्ही प्रकार एकत्र असू शकतात. ते कळायला स्लिट लॅम्पच लागेल. ते अजून मिठागरात जात असतील तर रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण पूर्ण अडवणारा चष्मा, दोन्ही हवं. चष्म्याची काच काळी असायची गरज नाही. नुसती काळी, पण किरण न अडवणारी स्वस्त काच वाईटच, कारण तिच्यामागे बाहुली मोठी होते.

तंबाखूचा धूर गाभ्याच्या मोतीबिंदूशी थेट जोडलेला आहे, आणि सोडल्यावर धोका हळूहळू कमी होतो. घरात अजून चूल पेटत असेल तर आईच्या डोळ्यांचाही विचार करा. लाकडाच्या धुरात वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या बायकांमध्ये मोतीबिंदू जास्त आढळल्याचं भारतातल्या अभ्यासांत आलं आहे. शक्य असेल तर गॅस, नाहीतर निदान धूर बाहेर जाईल अशी वाट.

मधुमेह असेल तर सगळ्यात आधी तो. भिंगात साखर जास्त शिरली की अल्डोज रिडक्टेज नावाचं एन्झाइम तिचं सॉर्बिटॉल बनवतं आणि त्यासाठी एनएडीपीएच वापरतं. मघाशी सांगितलेलं ग्लुटाथायोनला पूर्वपदावर आणणारं इंधन तेच. म्हणजे बेताल साखर भिंगाच्या बचावाचं इंधन पळवते. महागड्या कॅप्सूलच्या पैशात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी वेळेवर होईल आणि डोळ्याला त्याचा उपयोगही होईल. स्टेरॉइडचंही विचारा. सांधेदुखीवर कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या आपल्या गावांत अजून चालतात. त्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि त्याने भिंगाच्या मागच्या बाजूला लवकर डाग धरतो. दम्याची किंवा इतर आजाराची डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडं मात्र स्वतःहून बंद करू नका.

खाण्याबद्दल: पेरू, आवळा, हंगामात बोंडू, तांबडी भाजी, शेवग्याचा पाला जरूर खा. अशा आहाराने सगळ्या शरीराला फायदा होतो. पण झालेला मोतीबिंदू त्याने मागे फिरणार नाही.

तुमच्या स्वतःच्या चाळिशीबद्दल. जवळचं दिसेनासं होणं म्हणजे भिंग ताठर झाल्याचं लक्षण, आणि गाभ्याभोवतीचा अडसरही साधारण याच वयाच्या आसपास उभा राहतो. याचा अर्थ तुम्हाला मोतीबिंदू सुरू झालाय असा नाही. चष्मा लावा, गोळ्या नकोत. तुमच्या हातात तुमच्या वडिलांपेक्षा वीस वर्षं जास्त आहेत. टोपी, चष्मा, तंबाखू, साखर या गोष्टींचा खरा उपयोग तुमच्या वयात होतो, हे मी अगदी कळकळीने सांगते.

वडिलांना म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवा. बाहुली मोठी करून भिंग आणि मागचा पडदा दोन्ही तपासायला सांगा, डोळ्याचा दाबही मोजून घ्या. सगळं धूसरपण मोतीबिंदूचंच असतं असं नाही. चष्म्याचा नंबर बदलून लांबचं नीट दिसत असेल आणि कामं अडत नसतील तर शस्त्रक्रियेची घाई नाही. पायरी चुकायला लागली, रात्री रस्त्यावर भीती वाटायला लागली, तर मात्र ‘पिकू दे’ म्हणून थांबू नका. गाभा जितका तपकिरी आणि कडक, तितकी तो फोडायला अल्ट्रासाउंडची ताकद जास्त लागते, आणि तितका पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या पेशींवर ताण जास्त पडतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

आणि जाताना वडिलांची सगळी औषधं पिशवीत घालून न्या. या वयात लघवीच्या तक्रारीसाठी टॅमसुलोसिन पुष्कळांना चालू असतं. त्याने शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळ सैल पडून मध्ये येतं. आधी बंद केलं तरी परिणाम राहू शकतो, म्हणून ते बंद करायचं नाही, सर्जनला आधी सांगायचं, म्हणजे ते तयारीने बसतील.